मी सुधारलेला पाय

मुंबईच्या धक्क्यावर आखाताच्या बोटीची वाट पाहत उभी होते, तेव्हा माझ्यापाशी एक ट्रंक, एक वळकटी आणि सुतळीने बांधलेले पुठ्ठ्याचे एक खोके होते. ट्रंक आणि वळकटी हमालाने डोक्यावर घेतली. खोक्याला त्याने हात घातला तेव्हा मात्र, टांगेवाल्याला ‘थांब’ म्हणण्याचाही जिला संकोच वाटतो ती मी, चक्क “नको, नको!” असे मोठ्याने म्हणाले. खोक्यात लहान मुलांचे दोन जोड बूट होते.

सत्तावन्नाव्या वर्षी हा माझा पहिला परदेशप्रवास, आणि त्याचे हे वर्णन हा लेखनाचाही पहिलाच प्रयत्न. रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेत मी एकतीस वर्षे भूमिती शिकवली. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले आणि लिहिलेले तपासले, स्वतः काही केले नाही. सेवानिवृत्तीनंतर, बासष्ट सालच्या डिसेंबरात, धाकट्या भावाने दुबईला बोलावले म्हणून निघाले. वसंता तिथे एका व्यापारी पेढीत कारकून आहे. दुबई हे अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्यावरील शेखांच्या लहान लहान संस्थानांपैकी एक. प्रवासवर्णनात वाचकांना वाळवंट आणि खजुराची बने अपेक्षित असतात, आणि ती येतीलही. परंतु मला जे सांगायचे आहे ते त्या खोक्याविषयी आहे, आणि ते सांगताना माझी मान खाली जाते.

निघण्यापूर्वी दोन महिने हलिमाचे पत्र आले होते. हलिमा माझी जुनी विद्यार्थिनी, रत्नागिरीच्या राजिवड्याची. आठवीपर्यंत शिकली, मग लग्न होऊन नवऱ्यामागे दुबईला गेली. तिने लिहिले होते :

“बाई, येताना माझ्या दोन पोरांना बूट आणाल का? इथं थंडीत पाऊस पडतो. मग सबखा (समुद्राकाठची खारट चिखलाची जमीन) कितीतरी दिवस ओली राहते आणि पोरं त्यातच खेळतात. खाऱ्या पाण्यानं पाय फुटतात, वाऱ्यानं बधिर होतात. पाणी आत जायला नको, आतून ऊब हवी, आणि पोरांना आपले आपण घालता-काढता आले पाहिजेत. पायांची मापं कागदावर काढून पाठवते आहे. कागदात आहेत तसेच आणा, बाई.”

शेवटच्या वाक्याखाली तिने रेघ मारली होती. ती रेघही वाकडीच होती.

मापांचा कागद म्हणजे साखरेच्या पुडीचा उलगडलेला तपकिरी कागद. त्यावर चार पाय होते. दोन यूसुफचे, वय वर्षे सात. दोन सकीनाचे, वय वर्षे पाच. यूसुफचे पाय ठीक होते. सकीनाचा उजवाही ठीक होता. डावा मात्र उजव्यापेक्षा बोटभर आखूड, पुढे पसरट, आणि आतल्या बाजूला असा वळलेला, की कागद फिरवून पाहावा तरी सरळ दिसेना. मुलीने पाय हलवला असावा, असे मी ठरवले. खरे सांगायचे तर मला हसू आले. आठवीत हलिमाच्या त्रिकोणाचे तिसरे टोक कधी मिळत नसे, आणि प्रत्येक वेळी मी तिथे लाल खूण करून दोन गुण कमी करीत असे. म्हटले, संसार झाला, मुले झाली, तरी आकृती काही सुधारली नाही.

मग मी आलेखाचा कागद घेतला. उजव्या पायाची आकृती स्वच्छ काढली, मध्ये अक्ष धरला, आणि मोजून मोजून डाव्या बाजूला तिचे प्रतिबिंब उतरवले. दोन्ही पाय तंतोतंत सममित आले. माझे मलाच समाधान वाटले. साखरेच्या पुडीचा कागद मी चुलीत घातला.

मुंबईच्या दुकानात मी तासभर बसले. एरवी दुकानदाराने पुढे ठेवले ते घेऊन बाहेर पडणारी मी, पण या बुटांच्या निवडीत माझी विद्या पणाला लागली होती. चामड्याचे पाहिले, खाऱ्या पाण्याने चामडे ताठरते आणि भेगाळते, म्हणून सोडले. कॅनव्हासचे हलके, पण एकदा भिजले की दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाहीत. रबरी गमबुटांत पाणी शिरत नाही, पण ते आतून गार. तेव्हा मी असे ठरवले : गमबूट घ्यावेत, पण पोटरीच्या निम्म्यापर्यंतच, म्हणजे गुडघा मोडून मुलांना पळता येईल, तळाला खोल नक्षी हवी, म्हणजे पाय घसरणार नाही, आणि माप करंगळीभर सैल, म्हणजे आत नमद्याचा (दाबलेल्या लोकरीचा) तळवा आणि लोकरीचे मोजे मावतील. मोजे मी घरीच विणले होते. त्या हिवाळ्यात आम्ही सगळ्या शिक्षिका सरहद्दीवरच्या जवानांसाठी विणत होतो. त्यातली खाकी लोकर उरली होती. यूसुफसाठी काळे बूट घेतले, सकीनासाठी लाल.

दुकानदाराने माझा आलेख पाहून विचारले, “बाई, मुलीचे दोन्ही पाय सारखेच ना?”

“अर्थात,” मी म्हणाले. इतक्या ठामपणे मी क्वचितच कोणाला उत्तर दिले असेल.

बोटीचे दिवस मी बहुतेक पडून काढले. कराचीचे दिवे, मस्कतचे काळेभोर उघडे डोंगर आणि शेजारच्या मंगळुरी बाईंनी दिलेली लिंबाची फोड, एवढेच आठवते. दुबईला मोठ्या बोटीला लागण्याजोगा धक्का नाही. बोट दूर समुद्रात उभी राहते, आणि हेलकावणाऱ्या शिडीवरून खालच्या पडावात (लहान होडीत) उतरावे लागते. साडी, वहाणा आणि खोके एकाच वेळी सांभाळणे मला जमेना. खालून एक खलाशी ओरडला, “यल्ला, अम्मा, यल्ला! खोका फेको!” मी खोके फेकले नाही. त्याची सुतळी दातांत धरून मी खाली उतरले. सारा पडाव हसला, आणि मान वर करायला मला खाडीच्या मुखापर्यंतचा वेळ लागला.

खाडीत शिरल्यावर गाव दिसू लागते. एका तीरावर देरा, दुसऱ्यावर जुनी दुबई. मधून अब्रा (वल्ह्यांच्या होड्या) सारख्या ये-जा करतात. घरांवर वारा पकडणारे चौकोनी मनोरे, त्यांच्यामागे खजुराच्या झावळ्यांची खोपटी. वसंता धक्क्यावर आला होता. “अक्का, तोंडाला सुतळीचा रंग लागलाय,” हे त्याचे पहिले वाक्य.

दुसऱ्या दिवशी अब्राने पलीकडे हलिमाकडे गेले. झावळ्यांच्या कुंपणाचे अंगण, आत दोन खोल्या, आणि दारातून बाहेर पाहिले की सरळ सबखा. पाऊस पडून गेला होता. करड्या चिखलावर पाण्याचा पातळ आरसा पसरला होता आणि दहा-बारा मुले त्यात शिंपल्यांच्या होड्या सोडीत होती. वारा असा की माझे दात वाजत होते.

हलिमाने वाकून माझे पाय धरले. “बाई, तुम्ही खरंच आलात! सकीना, ये, बाईनानी आल्या बघ.”

उंबऱ्यावर बसलेली मुलगी उठली आणि भिंतीला धरून माझ्याकडे आली. तिचा डावा पाय आत वळलेला होता. उजव्यापेक्षा बोटभर आखूड, पुढे पसरट. अगदी कागदात होता तसा.

त्यानंतर जे घडले ते मी थांबवू शकले असते, पण थांबवले नाही. हलिमाने सुतळी सोडली. यूसुफने काळे बूट ओढले आणि “खलास, मी चाललो!” म्हणत तो दिसेनासा झाला. सकीनाने लाल बूट हुंगून पाहिले. उजवा तिने आपला आपण घातला. डावा आधी स्वतः घालून पाहिला, मग आईने दाबून पाहिला, मग मोजा काढून पाहिला. पाऊल रुंदीला अडे आणि टाच वर राही. मुलगी रडली नाही. ती म्हणाली, “अम्मा, हा पाय अजून मोठा व्हायचाय. झाला की घालीन.”

हलिमाने बूट हातात घेतला. मग मलाच धीर देत म्हणाली, “माझंच चुकलं असेल, बाई. मला कुठं नीट काढता येतं? शाळेतही माझ्या आकृत्या तशाच.”

मी म्हणाले, “असेल.”

हा एक शब्द मी लिहू नये असे फार वाटले. पण तो वगळला तर उरलेले सगळे खोटे ठरेल.

पुढचे आठ दिवस वसंताने मला गाव दाखवले. मासळीबाजार दाखवला, मोत्यांचे जुने व्यापारी दाखवले, रगाग (तव्यावर थापलेली कागदासारखी पातळ पोळी) खाऊ घातली. तो मनोऱ्यांकडे बोट दाखवी, मी रस्त्याकडे पाही. मला माणसांचे फक्त पाय दिसत होते. हमालांचे भेगाळलेले, इराणी दुकानदारांचे जाड मोज्यांतले, वाळवंटातल्या बदूंचे अनवाणी आणि वाळूसारखेच वाळलेले. त्यांत दोन पाय सारखे असलेला माणूस मला एकही दिसला नाही. एकतीस वर्षांत मी हे कधी पाहिलेच नव्हते.

दोनदा हलिमाकडे चहाला गेले. दोन्ही वेळा सकीना उंबऱ्यावर होती. उजव्या पायात लाल बूट, डाव्या पायाला फडक्याची गुंडाळी. यूसुफ पळत येऊन तिच्या ओंजळीत शिंपले टाकी आणि पुन्हा पळे. ती ते आकाराप्रमाणे लावी. हलिमा सांगत होती, गेली थंडीही पोरीने अशीच काढली. फडके गुंडाळून एकदा बाहेर गेली, ते भिजले, आणि पायाला अशी भेग पडली की पंधरा दिवस टेकवेना. “म्हटलं, या वर्षी बाई येतायत. काढील आता कशीबशी, दीड महिन्यात थंडी सरली,” असे म्हणून तिने मला आणखी चहा ओतला. मी तो चहा संपवला.

नवव्या दिवशी वसंताच्या पेढीची लँड रोव्हर अल ऐनला निघाली होती, तीत आम्हाला जागा मिळाली. अल ऐन हे आतल्या वाळवंटातले खजुरांचे गाव. रस्ता असा नाहीच. तांबड्या टेकड्यांवरून गाडी होडीसारखी चढत-उतरत जाते, आणि दिवस मावळतीला लागल्यावर एकाएकी हिरवी बने दिसतात. बनांतून फलज (जमिनीखालून आणलेल्या पाण्याचे पाट) वाहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाटाच्या काठावरून चालताना माझा पाय घसरला आणि मी गुडघ्यापर्यंत पाण्यात गेले. माझे कॅनव्हासचे बूट भिजले. बरोबर दुसरे नव्हते.

वारा सुटला होता. अर्ध्या तासात पायांची बोटे दुखू लागली, नंतर ती आहेत की नाहीत हे कळेना. पाण्याची पाळी सांभाळणाऱ्या एका वृद्ध अरबाने मला लंगडताना पाहिले. ड्रायव्हर पेशावरचा होता. त्याच्या मार्फत वृद्धाने मला शेकोटीपाशी बसवले, गाहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) आणि खजूर पुढे केले, आणि उंटाच्या लोकरीचे एक जाड फडके पायांना गुंडाळायला दिले. पाय चोळण्यासाठी तो स्वतःच खाली बसू लागला तेव्हा मी शरमून ते मागे ओढले.

“बाबा पूछता है, आपके कितने बच्चे हैं?” ड्रायव्हर म्हणाला.

“एकही नाही. मी शाळेत शिकवते.”

वृद्ध हसून काहीतरी बोलला. “बोलता है, फिर तो गिनती नहीं होगी.”

मी रडू लागले. पाय दुखतात म्हणून रडते असे समजून त्याने शेकोटीत आणखी लाकूड घातले. निघताना ते फडके तो परत घेईना. परतीच्या सबंध वाटेवर ते माझ्या मांडीवर होते आणि ओले बूट पायात. पाच वर्षांचे पाऊल किती वेळ हे सोसेल याचा हिशेब मला करता येत नव्हता.

दुबईला पोचताच वसंताला म्हटले, मला आधी पलीकडे सोड. हलिमा चुलीपाशी घावने काढीत होती. मी पाटावर बसले नाही.

“हलिमा, कागद तू बरोबर काढला होतास. मी तो दुरुस्त केला. मला वाटलं, मुलगी हलली. डावा पाय मी उजव्यावरून काढला आणि तुझा कागद चुलीत घातला.”

तिचा हात तव्यावर थांबला. “म्हणजे मी काढलेलं बरोबर होतं?”

“हो.”

“तंतोतंत?”

“तंतोतंत.”

घावन करपल्याचा वास आला. तिने ते उलटले नाही. “तीन वेळा काढलं मी ते, बाई. दुपारची ती निजली म्हणजे, पाय हलू नये म्हणून. तिसऱ्या वेळी यांना म्हटलंसुद्धा, ह्याला बाई एकही लाल खूण करायच्या नाहीत.” मग तिचा आवाज चढला. शाळेत तो कधी चढला नव्हता. “दहा दिवस मी झुरतेय, पोटच्या पोरीच्या पायाचं माप मला घेता आलं नाही म्हणून! आणि तुम्ही माझ्या तोंडावर ‘असेल’ म्हणालात. शाळेत माझे मार्क कापलेत, ते ठीक. तो नुसता कागद होता.”

मी उभीच होते. तिने करपलेले घावन बाजूला काढले, दुसरे घातले, ते नीट भाजले, ताटलीत ठेवून माझ्यापुढे सरकवले. “खा. उपाशी असाल,” ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता.

तिचा नवरा दाऊद एका लाँचीवर तांडेल (खलाशांचा मुकादम) आहे. तो संध्याकाळी आला, बायकोकडून सर्व ऐकले, लाल बूट उलटा-पालटा केला आणि म्हणाला, “त्यात काय! होडीचं फळकूट बसलं नाही तर आमी होडी वाकवतो काय? फळकूट तासतो.”

“मग दहा दिवस काय करत होतात?” हलिमा कडाडली.

“तूच म्हणालीस ना, बाईंनी आणलेला बूट आहे, सुरी लावू नका!”

दुसऱ्या दिवशी त्याने मोटारीची फुटकी ट्यूब आणली. सकीनाचे पाऊल मी मांडीवर घेतले. ते बर्फासारखे गार होते आणि तळव्याला जुन्या भेगेची रेघ होती. दाऊदने डावा बूट बाहेरच्या बाजूने उभा चिरला, मध्ये ट्यूबचे रबर घालून रुंदी वाढवली, पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवले आणि शिडाच्या दोऱ्याने शिवले. पुढच्या रिकाम्या जागेत हलिमाने नमदा भरला. आतून सगळीकडे मी उंटाच्या लोकरीचे ते फडके लावले. शिवणीला होडीच्या फळ्यांना लावतात ते मुशीचे (शार्क माशाचे) तेल चोपडले. बूट कुरूप झाला, आणि त्याचा वास असा सुटला की यूसुफ नाक धरून अंगणाबाहेर पळाला.

सकीनाने तो आपला आपण घातला. दारातून दोन पावले टाकली, थांबली, मागे पाहिले. मग भिंत सोडून ती सबख्यावर गेली. मुलांनी वासावरून हैदोस घातला. कोणी तिला ‘मुशी, मुशी’ म्हणू लागले. तिने चिखलाचा गोळा उचलून पहिल्या मुलाला नेमका मारला. बूट एका शिवणीतून गळत होता. तासाने आत आली तेव्हा मोजा टाचेपाशी ओला होता, पण पाऊल उबदार होते. दाऊदने पुन्हा तेल लावले. मी निघेपर्यंत त्याला तीनदा लावावे लागले.

निघण्याच्या आदल्या दिवशी हलिमाने माझ्यासमोर कागद आणि पेन्सिल ठेवली. “मुंबईत चांगला करून घ्या. माप आता तुम्ही काढा.” मी जमिनीवर गुडघे टेकले. मुलीला गुदगुल्या होत होत्या. हलिमा माझ्या खांद्यावरून पाहत होती. “टाचेशी पेन्सिल आत गेली, बाई. परत काढा.” मी परत काढले. “अंगठ्यापाशी गोल केलात. तिथं गोल नाही.” तिसऱ्या वेळी तिने मान डोलावली. तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. तिने मला क्षमा केली का, हे मी विचारले नाही. ते विचारण्याचा अधिकार मला नाही असे अजूनही वाटते.

परतीच्या बोटीत मी डेकवर बसून राहिले. या प्रवासात मी काय पाहिले असे विचारणाऱ्यांना मी मनोरे, खाडी आणि खजुराची बने सांगते. जे पाहिले नाही, ते साखरेच्या पुडीच्या कागदावर होते, आणि तो कागद परत मिळणार नाही. माझ्या हाताखालून शेकडो मुली गेल्या. त्यांच्यापैकी किती जणींच्या आकृतीवर मी लाल खूण केली, आणि त्यांतल्या किती बरोबर होत्या, हे आता कोणाला विचारावे?

मुंबईला उतरले ती सरळ त्याच दुकानात गेले. नवे बूट पोचेपर्यंत तिथली थंडी सरेल. ते पुढच्या हिवाळ्याचे म्हणून अंगठाभर वाढते करावे लागतील, आणि तेवढी जागा पुरेल का हेही मला नक्की सांगता येत नव्हते. दुकानदाराने कागद उलगडला, भुवया उंचावल्या आणि समजूतदारपणे हसला.

“मुलगी हलली वाटतं, बाई. हरकत नाही, मी रेघ सरळ करून घेतो,” असे म्हणून त्याने कानावरची पेन्सिल काढली.

मी कागदावर हात ठेवला. “हलली नाही,” मी म्हणाले. दुकानात इतर गिऱ्हाइके होती, आणि ती वळून पाहू लागली इतक्या मोठ्याने म्हणाले. “पाय असाच आहे.”